सतरा काळे लट्टू : कळमन्याच्या गोदामातलं एक प्रकरण

पोळ्याला चार दिवस उरले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास नागपुरातल्या कळमन्याकडच्या एका मिरचीच्या गोदामावरचा चौकीदार माझ्या घरी आला. मी आयटीआयमध्ये शिकवायचो तेव्हा त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता, एवढीच ओळख. त्याने खिशातून खर्र्याची पन्नी काढली आणि टेबलावर उपडी केली. बॅटरीचे छोटे बल्ब घरंगळले. मोजले तर सतरा. बहुतेक काळे.

"सर, हे पहा जी. मुनीमजी म्हणून राहिले का तू लट्टू बाहेर विकून राहिला, नाहीतर बॅटरी आपटून राहिला. पगारातून पैसे कापून राहिले. मी का लट्टू खातो का?"

आधी शब्दांचं सांगून टाकतो. आपल्याकडे हातातल्या टॉर्चला सर्रास बॅटरी म्हणतात, आणि तिच्यात घालायच्या जाड्या नळकांड्यांना सेल. या लिखाणात मी तेच ठेवतो. लट्टू म्हणजे बल्ब, हे नागपूरकराला सांगायला नको.

गोदामावर रात्री दोन चौकीदार असतात. त्यांच्याकडे तीन सेलच्या तीन पितळी बॅटऱ्या. शेठजींच्या वडिलांच्या काळच्या, वजनदार, डोक्यात घातली तर चोराला दवाखान्यात न्यावं लागेल अशा. आतला बल्ब आट्यांचा, फिरवून बसवायचा, कॉलरवर ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर असं कोरलेलं. पूर्वी एक बल्ब महिना-दीड महिना सहज चालायचा. या उन्हाळ्यापासून मात्र चौथ्या-पाचव्या रात्री काच काळवंडायची, आणि कधीतरी खटका दाबला की 'टिक्' होऊन अंधार. तीन बॅटऱ्या मिळून महिन्याला वीसेक बल्ब. किंमत फार नाही, दहा रुपयांचा नग. पण मुनीमजींच्या वहीत ती ओळ दर चार दिवसांनी उमटायची, आणि वहीत वारंवार उमटणारी ओळ म्हणजे कोणीतरी खातंय, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

'एलईडीची बॅटरी घ्या' असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण प्रश्न प्रकाशाचा नव्हता, एका माणसावर आलेल्या आळाचा होता. आणि सतरा मेलेले बल्ब टेबलावर पडलेले असताना ते न तपासता उठणं माझ्याच्याने होत नाही.

भिंग घेऊन बसलो. मेलेला बल्ब बोलतो, फक्त त्याची काच वाचता आली पाहिजे. सतरांतल्या तेरांची काच आतून करडी-काळी झाली होती, आणि काळेपणाला आरशासारखी हलकी चमक होती. हा धूर नव्हे, काजळी नव्हे. तार ज्याची असते ते टंगस्टन तापून वाफ होतं आणि थंड काचेवर जाऊन बसतं, तो हा थर. तेरांमध्येही तो चहूबाजूंनी सारखा होता. मोठ्या, वायू भरलेल्या बल्बात गरम वायू वर चढतो, म्हणून काळेपणा वरच्या अंगाला जास्त साचतो. हे छोटे बल्ब निर्वात असतात, आत वाहून न्यायला वायूच नाही, म्हणून टंगस्टनचे कण सरळ रेषेत सगळीकडे उडतात. या तेरांची तार एका जागी केसाहून बारीक होऊन तुटलेली.

दोन बल्ब वेगळेच. त्यांच्या काचेवर पांढरट-पिवळसर भुकटी होती. हे हवा आत शिरल्याचं लक्षण. तापलेल्या टंगस्टनला ऑक्सिजन मिळाला की ते जळून ऑक्साइड होतं, आणि तो ऑक्साइड असा फिकट दिसतो. एकाच्या बुडाशी काचेला बारीक तडा सापडलाही. हा दोष कारखान्यातला किंवा वाहतुकीतला.

एकाची काच लख्ख. तार आधाराच्या तारेपाशी तुटून लोंबत होती. हा बल्ब झिजून मेलेला नाही, धक्क्याने मेलेला. मी तो बाजूला काढला तसा चौकीदारभाऊ खाली पाहायला लागला. "तो माह्याच हातून पडला जी. नालीत पाय गेला होता पावसात." सतरांतला एक. उरलेल्या सोळांसाठी त्याला कोणी बोल लावू शकणार नव्हतं, कारण बॅटरी आपटून काच आतून काळी होत नाही. आणि विकायला न्यायचा असता तर त्याने चांगला बल्ब नेला असता आणि त्याच्या जागी कुठून तरी काळा आणला असता, असं म्हणावं लागेल. काळे बल्ब विकत मिळत नाहीत.

सतराव्या बल्बाची कहाणी पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी गोदामावर गेलो. कळमन्याच्या बाजाराच्या त्या भागात नुसतं उभं राहिलं तरी शिंका येतात. मुनीमजी गादीवर, शेजारी जाड्या सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर, त्यावर आकाशवाणी नागपूर खणखणीत आवाजात. माणूस सज्जन. चहा मागवला आणि आपले सगळे तर्क सांगितले. एक, चौकीदार. दोन, इतवारीचा दुकानदार डुप्लिकेट माल देतो. तीन, नागपूरचं ऊन. "एप्रिलपासूनच सुरू झालं ना हे. ४५ डिग्रीत लट्टू जळणार नाही तर काय?"

उन्हाचा तर्क पहिल्यांदा निकालात काढला. बॅटरीच्या बल्बाची तार पेटलेली असताना दोन हजार अंशांच्या वर असते. टंगस्टन वितळतं ३,४२२ अंश सेल्सिअसला. बाहेर डिसेंबरचे १० आहेत की मेचे ४७, तारेला त्याचा पत्ताही लागत नाही. पण 'एप्रिलपासून' हा शब्द मी टिपून ठेवला. ऊन बल्बाला काही करत नसलं तरी एप्रिलमध्ये कशाला तरी काहीतरी झालं होतं.

डुप्लिकेट मालाचा तर्क मात्र झटकून टाकण्यासारखा नव्हता. बल्ब काळा का पडतो या प्रश्नावर फार मोठ्या माणसाने डोकं लावलेलं आहे. आयर्विंग लँगम्यूर १९०९ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा टंगस्टनच्या बल्बांचं हेच दुखणं होतं. समजूत अशी की आतली हवा पुरती काढली जात नाही, उरलेल्या वायूंमुळे काच काळी पडते, तेव्हा पोकळी आणखी चांगली करा. लँगम्यूरनी उलटं केलं. एकेक वायू मुद्दाम आत सोडून काय होतं ते पाहिलं. खरी घातक निघाली ती पाण्याची वाफ. बाकी काळेपणा म्हणजे निव्वळ तापलेल्या टंगस्टनचं उडून जाणं. त्यातूनच १९१३ च्या सुमारास वायू भरलेला बल्ब आला, कारण वायूच्या गर्दीत टंगस्टनचे कण सहज सुटून जात नाहीत. पुढे १९३२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी.

पाण्याची वाफ कशी काम करते ते मुनीमजींना त्यांच्याच दारातल्या हमालावरून सांगितलं. तापलेल्या तारेवर वाफेचे रेणू फुटतात. ऑक्सिजन टंगस्टनचा कण उचलतो, ऑक्साइड होऊन काचेपर्यंत जातो. तिथे मोकळा हायड्रोजन ऑक्सिजनला परत ओढून घेतो. टंगस्टन काचेवर पडून राहतं, आणि पाणी पुन्हा रिकाम्या हाताने तारेकडे निघतं, पुढचं पोतं आणायला. थेंबभरही पाणी लागत नाही. चार हमाल अख्खा ट्रक रिकामा करतात तसं. कारखान्यात काच नीट तापवून सुकवली नाही तर हेच घडतं. म्हणून माल खराब असू शकतो ही शंका खरीच तपासायला हवी होती, आणि ती तपासायचा एकच मार्ग होता. कोरलेल्या व्होल्टेजवर नवा बल्ब लावून तो मरेपर्यंत पाहायचा.

त्यासाठी दुकानातून आणलेल्या डब्यातले सात नवे बल्ब घरी घेऊन आलो. त्याआधी बॅटऱ्यांमध्ये मल्टिमीटर लावला, आणि तिथेच प्रकरणाने मान टाकली.

नुसते सेल मोजले तर प्रत्येकी १.६० व्होल्टच्या जवळ. ते काही विशेष नाही, नवा सेल भाराविना, म्हणजे बल्ब न पेटवता, तेवढं दाखवतोच. बरेच जण इथेच थांबतात आणि 'सेल बरोबर आहेत' म्हणतात. मोजायचं असतं बल्ब पेटलेला असताना, बल्बाच्या दोन टोकांवर. बल्बाच्या बुडाखाली तांब्याची पातळ पट्टी सरकवून, दुसरं टोक कॉलरला लावून वाचन घेतलं. ४.५५ व्होल्ट. दहा मिनिटं पेटती ठेवली, ४.५०. प्रवाह ३२५ मिलिअँपिअर. बल्ब ३.८ चा.

सेल बाहेर काढून पाहिले. अल्कलाइन.

"हे कधीपासून वापरता, मुनीमजी?"

मग एप्रिलची गोष्ट बाहेर आली. आधी गोदामात साधे कार्बन-झिंकचे सेल असायचे. पाच बॅटऱ्या होत्या तेव्हा. त्यातल्या दोन पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या, जुने सेल आतच राहिलेले. उन्हाळ्यात ते पाझरले. साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडंच रासायनिक क्रियेत खर्ची पडत असतं. जुना झाला की ते भांडं जागोजाग विरतं आणि आतला चिकट लगदा बाहेर येतो, उष्णतेत आणखी लवकर. दोन्ही बॅटऱ्यांच्या आत हिरवा चढला, स्प्रिंग गळून गेले, सेल नळीतच चिकटले. शेठजींच्या वडिलांची आठवण म्हणून शेठजी चांगलेच चिडले. मुनीमजींनी तेव्हापासून दोन नियम केले. सेल आणायचा तर भारीतला. आणि सेल बॅटरीत जुना होऊ द्यायचा नाही. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला सगळे नवे घालायचे. तिथी पाळणाऱ्या माणसाचा नियम, पाच महिन्यांत एकदाही चुकला नव्हता.

दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या. दोन्ही मिळून बल्बांना मारत होत्या.

तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट, मग त्यासाठीचा बल्ब ३.८ चा का, हा प्रश्न माझे विद्यार्थी दर वर्षी विचारायचे. उत्तर सेलच्या पोटात आहे. साध्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, बराच असतो. त्याच्याकडून तीनशे मिलिअँपिअर मागितले की थोडं व्होल्टेज त्याच्या आतच खर्च होतं, आणि जसजसा तो वापरला जातो तसा तो रोध वाढत जातो. नवा असताना बल्बावर चारच्या वर येतात, थोड्याच वेळात उतरून चारच्या खाली, मग बहुतेक आयुष्य साडेतीन-पावणेचारच्या आसपास. बल्ब बनवणाऱ्याने हा उतार गृहीत धरूनच ३.८ हा आकडा धरला. बल्ब आणि साधा सेल ही जोडी एकमेकांच्या उणिवांवर उभी आहे. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध कमी, तो दबत नाही. आणि आमचे मुनीमजी तो दबायची वेळ यायच्या आधीच काढून टाकत होते. पंधरवड्याच्या शेवटी काढलेल्या सेलवर मी मोजलं, तरी भारावर तिघांचे मिळून ४.१५. म्हणजे या बल्बांनी एप्रिलपासून आपलं हक्काचं ३.८ एकदाही पाहिलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त, त्याने एवढं काय? इथेच तारेच्या बल्बाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. व्होल्टेज वाढलं की प्रकाश साधारण साडेतिसऱ्या घाताने वाढतो, आणि आयुष्य साधारण बाराव्या घाताने घटतं. बारावा घात ही गोष्ट आकड्यात पाहिल्याशिवाय पटत नाही. सरासरी ४.४ धरली तर ती ३.८ च्या १.१६ पट. १.१६ चा बारावा घात जवळपास सहा. आयुष्य एक षष्ठांश! बॅटरीच्या बल्बांचं मुळातलं आयुष्यही आपण समजतो तसं लांबलचक नसतं. या जातीचे पुष्कळ बल्ब पंधरा तासांसाठीच बनवलेले असतात. आयुष्य कमी घेऊन उजेड जास्त द्यायचा, असा तो सौदा असतो. पंधराचे झाले अडीच. चौकीदार रात्रभरात बॅटरी एकूण चाळीसेक मिनिटं पेटवतात. अडीच तास म्हणजे चार रात्री.

चौथ्या रात्री. वहीतली ओळ.

आणि उजेड? १.१६ चा साडेतिसरा घात म्हणजे १.७ च्या जवळ. मुनीमजींनी मान हलवली. "हे मात्र खरं. या सेलने फोकस असा पांढरा पडायचा का भिंतीवरची पाल दिसायची." तो पांढरेपणाच रोगाचं लक्षण होता. तार जितकी पांढरी पेटते तितकी ती लवकर उडून जाते. तीत एखादी जागा जराशी बारीक असतेच. तिथे रोध जास्त, म्हणून ती जागा जास्त तापते, म्हणून तिथलं टंगस्टन आणखी वेगाने उडतं, म्हणून ती आणखी बारीक होते. शेवटचा घाव खटका दाबताना बसतो, कारण थंड तारेचा रोध पेटत्या तारेच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. माझ्याकडच्या बल्बाचा थंड रोध १.१ ओहम, पेटता १२.७. पहिल्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो आणि झिजलेली जागा तुटते. म्हणून चौकीदाराला वाटायचं की बल्ब 'लावता लावता' गेला, आणि मुनीमजींना वाटायचं की हा सारखा उगाच चालू-बंद करतो. निरोगी तारेला चालू-बंदने काही होत नाही. मरायला टेकलेलीला निमित्त पुरतं.

घरी ठरवलेलं व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्याच्या यंत्रावर चार बल्ब ३.८ वर लावून ठेवले. सौभाग्यवतींनी दोन रात्री दिवाणखान्यात चार काजवे सहन केले. ते मेले तेरा, सोळा, साडेसोळा आणि एकोणीस तासांनी. उरलेले तीन ४.४ वर लावले. सव्वादोन तास, पावणेतीन तास, तीन तास वीस मिनिटं. माल बरोबर होता. इतवारीचा दुकानदार सुटला. तीन आणि चार बल्बांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण दुकानदाराला सोडायला तेवढं पुरेसं आहे.

आता तो सतरावा. त्याचीही काच स्वच्छ, पण तार लोंबत नव्हती. तुटलेल्या टोकांना वितळून झालेले बारीक गोळे होते. शेठजींचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने मे महिन्यात एका बॅटरीत लॅपटॉपमधून काढलेले दोन लिथियमचे सेल घालून पाहिले होते. पूर्ण भरलेला एक ४.२ व्होल्टचा, दोन म्हणजे ८.४. बल्बाने कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एकच लखलखाट केला. झिजायला वेळच मिळाला नाही म्हणून काच काळी झाली नाही. त्याने एकच सेल घातला असता तर बल्ब बराच बरा राहिला असता, पण घाई असते त्या वयात. त्या बल्बाचे दहा रुपयेही चौकीदाराच्याच नावावर पडलेले होते.

उपायांवर तासभर चर्चा झाली. शेठजींचं म्हणणं, हॅलोजनचा बल्ब घाला, तो काळा पडत नाही असं ऐकलंय. ऐकलेलं अर्धं खरं. हॅलोजन उडालेल्या टंगस्टनला पकडून तारेकडे परत पाठवतो, पण त्यासाठी काच अडीचशे अंशांच्या आसपास तरी तापलेली लागते. उतरत्या सेलवर मंद पेटवला तर तोही काळा पडतो. वर त्याला प्रवाह जास्त लागतो. पुतण्याने आट्यांचा एलईडी बल्ब आणला. तो पेटला, पण बल्बामागच्या चकचकीत वाटीची, म्हणजे या जुन्या परावर्तकाची, रचना तारेच्या जागेसाठी केलेली, एलईडीची चकती त्या जागी बसत नाही. झोताच्या मधोमध काळं भोक पडलं.

मी सुचवलं ते साधं होतं. सहा-सात दशांश व्होल्ट वाटेतच खर्च करायचे. ०.३ अँपिअरला २.२ ओहमचा रेझिस्टर लावला की ०.६६ व्होल्ट कमी होतात, बल्बावर पावणेचारच्या जवळ उरतात. तापतो तो ०.२ वॅटने, तेव्हा अर्ध्या वॅटचा पुरतो. बर्डीच्या बाजारातून आणला. फायबरच्या चकतीला दोन्हीकडून पितळेची पत्री लावून, मधल्या पोकळीत रेझिस्टर बसवून डाग दिला, आणि ती चकती शेवटचा सेल आणि झाकणाचा स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवली. बॅटरीला कुठे भोक नाही, ओरखडा नाही. चकती काढली की शेठजींच्या वडिलांची बॅटरी जशीच्या तशी. थोडक्यात, साध्या सेलमध्ये जो रोध फुकट मिळायचा तो मी दोन रुपयांना विकत घेऊन बाहेरून लावला.

मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात गावाची पिडा नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते) बाजार बंदसारखाच. दोन्ही चौकीदार मिरवणूक पाहून आले होते. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणताना लट्टूची पिडाही सोबत पाठवली, असं भाऊ म्हणाला. मी म्हटलं, तिच्या भरवशावर राहू नका, मोजून पाहू.

गणपती बसले त्या रात्रीपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, सव्वीस रात्री. पहिली बॅटरी होती तशीच, अल्कलाइन सेल, पौर्णिमेला बदलायचे. दुसरीत अल्कलाइन आणि माझी चकती. तिसरीत साधे कार्बन-झिंकचे सेल, चकती नाही, मंद झाल्यावरच बदलायचे. दोघांना एक वही दिली, बल्ब गेला की तारीख लिहायची. पहिलीत पाच बल्ब गेले, पाचही काळे. तिसरीत एकही गेला नाही, सेल एकदा बदलावे लागले. दुसरीने मात्र पाचव्याच रात्री माझी फजिती केली. मुनीमजींचा फोन आला, "गुरुजी, तुमचा पण गेला." आवाजात थोडा आनंद होता, खोटं कशाला सांगू. जाऊन पाहिलं, काचेवर पांढरी भुकटी. हवा शिरलेली. दुसरा बल्ब लावला, तो शेवटपर्यंत चालला. अमावास्येला त्याच्या काचेवर भिंगाखाली पुसटशी करडी छटा होती, एवढंच.

एक अडचण मी धरली नव्हती. पहिल्या बॅटरीवरून दोन्ही चौकीदारांत रोज भांडण. "तिच्यातच दम आहे जी. तुमची वाली बिमार दिसते." बरोबरच होतं. प्रकाश पंधरवडे-पंधरवडे दीडपटीच्या वर पाहिलेल्या डोळ्याला नेहमीचा उजेड आजारीच वाटणार. यावर विज्ञान सांगून उपयोग नव्हता. मग पुढची काच उघडली आणि कारण हातालाच लागलं. पाच महिन्यांची मिरचीची धूळ तिच्यावर तांबूस सायीसारखी बसली होती, आत परावर्तकावरही. काच साबणाने धुतली. परावर्तक नुसता फुंकून, मऊ कापसाने अलगद टिपला, कारण त्याच्यावरचा मुलामा घासला की निघून येतो. नाक दोन दिवस झोंबत होतं. पण त्या रात्री दुसरी बॅटरी पेटवल्यावर भाऊ म्हणाला, "आता जमते." दर रविवारी काच धुणं एवढं एक काम त्यांच्या कामात वाढलं.

हिशेबाला बसलो तेव्हा वेगळंच पुढे आलं. बल्बांचा खर्च महिन्याला दोनशे. एका अल्कलाइन सेलची किंमत शंभराच्या वर, आणि तीन बॅटऱ्यांचे नऊ सेल महिन्यातून दोनदा बदलायचे, म्हणजे अठरा. ज्या ओळीवरून चौकीदार चोर ठरत होता ती दोनशेची होती, आणि तिच्या शेजारची अठराशेहून मोठी ओळ कोणाला खटकत नव्हती, कारण ती महिन्यात दोनदाच यायची.

"काढलेले सेल कुठे जातात?"

मुनीमजींनी गादीखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला. काही इकडेतिकडे वाटले होते, काही ट्रान्झिस्टरला लागले होते, तरी साठेक सेल त्यात होते. एकेक मोजला. बहुतेकांत तीन चतुर्थांशाहून जास्त जीव शिल्लक. ते डब्यातले सेल आता चकतीसकट तिन्ही बॅटऱ्यांत चालतात, पार उतरेपर्यंत. पाझरायची भीती होती म्हणून एवढंच ठरवलं की बॅटरी कपाटात ठेवायची असेल तर सेल काढून ठेवायचे, आणि उतरलेला सेल आत विसरायचा नाही. अमावास्या-पौर्णिमेला आता फक्त उघडून पाहतात.

चौकीदाराच्या पगारातून कापलेले ३४० रुपये दसऱ्याला परत मिळाले. दहा रुपये कमी होते. नालीत पडलेल्या बल्बाचे, असं मुनीमजींनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं आहे. पुतण्याच्या बल्बाचे दहा शेठजींच्या खात्यावर.

परवा बाजारात गेलो होतो तेव्हा डोकावलो. डबा निम्म्याहून अधिक रिकामा झालाय. दर पंधरवड्याला ताजे सेल मिळणं बंद झाल्याने गादीशेजारचा ट्रान्झिस्टर आता घसा बसल्यासारख्या आवाजात बातम्या सांगतो, आणि मुनीमजी कान त्याच्याकडे लावून बसलेले असतात.